बोर्ड आधी, कॅबिनेट नंतर

पहिलाच पीसी जुळवताय? मग काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आधी पसंत करून बसू नका. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) ठरवा, मग त्याला घर शोधा.

बाजारात मदरबोर्डाची मुख्यतः तीन मापं मिळतात: एटीएक्स (३०५ × २४४ मिमी), मायक्रो एटीएक्स (जास्तीत जास्त २४४ × २४४) आणि मिनी आयटीएक्स (१७० × १७०). मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बहुतेक वेळा बसतो, उलटं मात्र अजिबात नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या जुळणीला मायक्रो एटीएक्सच घ्या. सहसा एटीएक्सपेक्षा स्वस्त पडतो, बऱ्याच बोर्डांवर रॅमचे चार स्लॉट मिळतात आणि ग्राफिक्स कार्ड लावूनही हात फिरवायला जागा उरते. मिनी आयटीएक्स दिसतो गोंडस, पण कार्डाला एकच स्लॉट आणि वायरी कोंबताना बोटं सोलतात.

कॅबिनेट घेताना नुसतं 'एटीएक्स चालतो' एवढंच वाचू नका. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागाची) उंची किती चालते, हे आकडे पाहा. कूलर १६० मिमीचा आणि जागा १५५ची, तर झाकण लागणारच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर हे आकडे मोबाइलवर लिहून न्या. गर्दीत काही आठवत नाही.

आणि हो, बोर्ड बसवण्याआधी कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते छोटे खांब) मोजा. बोर्डाला भोक नाही तिथला स्टँडऑफ काढून टाका, नाहीतर मागच्या बाजूला टेकून शॉर्ट होऊ शकतो.