तिन्ही दलांच्या माहिती प्रणाली जोडताना या चुका टाळा

देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण, ओझरला लढाऊ विमानांचं काम. साहजिकच नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना संरक्षणाची कामं खुणावतात. पण दोन सर्व्हर एकमेकांशी बोलू लागले की पेढे वाटायची घाई होते, आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एकक गृहीत धरणं. तोफेची दिशा ‘मिल’ या कोनाच्या एककात मोजतात. पाश्चात्त्य पद्धतीत वर्तुळाचे ६४०० मिल, सोव्हिएत पद्धतीत ६०००. आणि आपल्याकडे शस्त्रं दोन्हीकडची. सोव्हिएत पद्धतीत १५०० मिल म्हणजे बरोबर काटकोन. समोरच्या प्रणालीने तोच आकडा ६४००च्या हिशोबाने वाचला, तर दिशा साडेपाच अंशांहून जास्त चुकते. वीस किलोमीटरवरचा गोळा जवळपास दोन किलोमीटर बाजूला पडेल, आणि प्रणालीच्या नोंदींत (लॉगमध्ये) एकही एरर दिसणार नाही. चाचणी उत्तर दिशा धरून केलीत तर चूक सापडणारच नाही, कारण शून्य दोन्हीकडे शून्यच! म्हणून चाचणीचे आकडे आडवे-तिडवे घ्या. उंचीतही फूट-मीटरचा घोळ असतो. अक्षांश-रेखांशांचा संदर्भ, म्हणजे पृथ्वीचा धरलेला आकार, तोही वेगळा: जुने नकाशे एव्हरेस्ट संदर्भावर, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक संदर्भावर. पांडवलेण्यासारखं माहितीतलं ठिकाण एका टोकाने पाठवा आणि दुसऱ्या पडद्यावर नेमकं कुठे उमटतं ते बघा. एकक किंवा संदर्भ नसलेला संदेश सरळ नाकारा. अंदाजाने भरणारा कोड तर लिहूच नका.

घड्याळाकडेही दुर्लक्ष नको. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये पॅट्रियट ही अमेरिकी क्षेपणास्त्ररोधक प्रणाली सलग शंभर तास चालू होती. वेळेची चूक साचून सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली, इराकचं स्कड क्षेपणास्त्र निसटलं आणि २८ अमेरिकी सैनिक गेले.

काही चुका कोडमध्ये नसतातच. एप्रिल १९९४ मध्ये उत्तर इराकवर अमेरिकी एफ-१५ विमानांनी आपलीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ जण ठार. त्या क्षेत्रासाठीचा वेगळा ओळख-कोड (आपलं विमान ओळखू यावं म्हणून यंत्रणा पाठवते तो संकेत) हेलिकॉप्टरवाल्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता. आदेश बदलला की तो कोणाकोणाला मिळाला याची पोच प्रणालीनेच मागितली पाहिजे. ‘कळवलं होतं’ हे उत्तर माझ्या लेखी चालत नाही.

शेवटी लिंक मुद्दाम तोडून बघा. पडद्यावरचं विमान जागच्या जागी थिजलं, पण रंग ताज्या माहितीचाच राहिला, तर प्रणाली परत पाठवा. प्रत्येक खुणेशेजारी तिचं वय सेकंदांत दिसलंच पाहिजे.