एकलहऱ्याच्या चिमण्या बघून काळजी वाटत असेल तर आत्तापासून काय तयारी करायची

नाशिकरोडवरून सामनगावकडे निघालं की एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात, माझं सगळं बालपण त्यांच्याकडे बघत गेलं. तिथले १४० मेगावॉटचे जुने दोन संच २०११ मध्येच बंद झाले, आता उरलेत २१० मेगावॉटचे तीन आणि तेही १९७९ ते १९८१ मधले, म्हणजे वय झालेलंच आहे. भारताने २०७० पर्यंत नेट झिरो (म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढा परत शोषून घेणं) करायचं जाहीर केलंय, त्यामुळे कोळसा आज ना उद्या कमी होणार. हवा स्वच्छ व्हायला पाहिजे हे मला मनापासून वाटतं, पण ती माझ्या शेजारच्या कंत्राटी फिटरच्या पोटावर पाय देऊन नको. हवामान बदलावरच्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत २०१५ मध्येच कामगारांसाठी न्याय्य बदल असं लिहिलेलं आहे, पण कागदावरचं आपल्या गल्लीत आपोआप येत नाही, ते आणायला आपल्यालाच बसावं लागतं. आणि बसायचं ते बंद होण्याची नोटीस लागायच्या आधी, नंतर फक्त रडारड होते.

पहिलं काम कौशल्याची वही. एक दोनशे पानी रजिस्टर घ्या, दहा-पंधरा घरांतल्या लोकांना संध्याकाळी चहाला बोलवा. आणि "तुला काय येतं" असं विचारूच नका, कारण उत्तर येतं "काही नाही, हेल्पर आहे". आमच्याकडे एक काका आले, वीस वर्षं कंत्राटात, त्यांनी पण हेच सांगितलं. मग मी विचारलं, काल ड्युटीवर गेल्यापासून काय काय केलं ते सांगा. तर म्हणे पंपाची ग्लँड पॅकिंग बदलली, कपलिंगला डायल गेज लावून अलाइनमेंट काढली, कन्व्हेअरचा बेल्ट एका बाजूला पळत होता तो रोलर सरकवून सरळ केला. हा माणूस हेल्पर आहे का सांगा! वहीत पाच रकाने करा, काम, मशीन, किती वर्षं, कागद काय आहे, आणि हे काम अजून कुठे चालेल. काकांच्या शेवटच्या रकान्यात आम्ही साखर कारखाना, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि बायोगॅस प्लांट असं लिहिलं, कारण पंप सगळीकडे पंपच असतो.

बायकांची नावं पण घ्या, हे मुद्दाम सांगते कारण पहिल्या बैठकीत आमच्याकडून सुद्धा राहिली. कँटीन, साफसफाई, गेटबाहेरची टपरी, राखेच्या विटा बनवायला जाणाऱ्या, सगळ्यांचं पोट त्या प्लांटवरच आहे. आणि नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या युनिटमध्ये डिझेल इंजिनाचे पार्ट काढणाऱ्या पोरांनी हे आपलं नाही असं समजू नये, इलेक्ट्रिक गाडीत इंजेक्टर, पिस्टन, सायलेन्सर नसतातच.

दुसरं, सगळ्यांनी आपले पुरावे जमवा. गेटपास (जुने सुद्धा), पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन नंबर, ईएसआयसी कार्ड, सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा. ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलतो, माणूस तोच राहतो, पण उद्या यादी निघाली तर "तुम्ही इथे होतात कशावरून" हा प्रश्न पहिला येणार.

मग शिकणं. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये आधी स्वतः जाऊन चौकशी करा. जे काम आधीच येतं त्याचं सर्टिफिकेट आरपीएलमधून (आधीपासून येणाऱ्या कामाला मान्यता देण्याची सोय) मिळू शकतं, म्हणजे पूर्ण कोर्स नाही, थोडी उजळणी आणि परीक्षा. सोलरसाठी केंद्राचं सूर्यमित्र प्रशिक्षण २०१५ पासून आहे आणि ते मोफत असतं. हे माहीत नसल्यामुळे माझ्या मावसभावाने एका खाजगी क्लासला बारा हजार भरले आणि तीन आठवडे फक्त पीपीटी बघितली, एकदाही पॅनलला हात लावला नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा की प्रॅक्टिकल किती तास, मागच्या बॅचमधले कोण कुठे कामाला लागले, आणि त्यातल्या दोघांशी बोलून बघा.

प्लांटमधल्या इलेक्ट्रिशियनला सोलर लवकर जमतं पण एक गोष्ट नवी असते ती म्हणजे डीसी, एकाच दिशेने वाहणारा करंट. घरातल्या एसी करंटचा आर्क (जोड सुटताना उडणारी ठिणगी) विझतो, कारण करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसीत तसं होत नाही, म्हणून लोड चालू असताना पॅनलचा कनेक्टर कधीही ओढायचा नाही, आधी इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारा करंट तोडणारा स्विच) बंद करायचा. आणि ऊन असेपर्यंत पॅनल जिवंतच असतं, त्याला स्विच नाही. हे ज्या क्लासमध्ये शिकवत नाहीत तिथे पोराला पाठवू नका.

सोलरला काम आहे हे खरं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती सिस्टिमला ७८,००० रुपये सबसिडी मिळते त्यामुळे गच्च्या भरतायत. पण बसवण्याचं काम दोन दिवसांत संपतं, पुढचं घर मिळेपर्यंत माणूस रिकामा, म्हणून पोरांना मेंटेनन्स पण शिकवा आणि काम घेताना पीएफ, विमा, उंचीवर चढायला सेफ्टी बेल्ट हे तिन्ही आधी विचारा. हिरवं काम आहे म्हणून बिनापीएफचं चालेल असं अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायलाच लागतात आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा असते, बायकांचा मुद्दा तिथेच नोंदवून घ्या म्हणजे मोठ्या सभेत कुणी दाबत नाही. कोरमला (सभा चालायला लागणारी किमान हजेरी) मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण लागतात, जे कमी असेल ते, म्हणून माणसं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ठरावात "कामगारांचा विचार व्हावा" असलं गुळमुळीत लिहू नका, त्याने काही होत नाही. असं लिहा: संच बंद करण्याचा कोणताही निर्णय होण्याआधी कायम आणि कंत्राटी कामगारांची एकच यादी करावी, प्रशिक्षणाच्या काळात पगार चालू राहावा, मोकळ्या जागेवर जे काही येईल त्यात गावातल्यांना आधी घ्यावं, आणि चर्चेच्या समितीत दोन कंत्राटी कामगार आणि दोन महिला असाव्यात. पगाराचा मुद्दा का लिहायचा तर नवीन औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला रिस्किलिंगसाठी (नवीन काम शिकायला) १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम आहे, आणि १५ दिवसांत कुणी नवा धंदा शिकत नाही.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत. विचारायचं एवढंच की कंत्राटी कामगार किती आणि कुठल्या ठेकेदाराकडे किती. तो आकडा आला की आपल्या वहीशी जुळवून बघा आणि जी नावं राहिलीत त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जा.