चीफ बंद होताना: आयातदारांना सीडीएसवर कसं आणलं

ब्रिटनमधली चीफ ही जुनी कस्टम्स प्रणाली आयातीसाठी ३० सप्टेंबर २०२२ ला बंद होणार होती. डिक्लरेशन भरणारे आम्ही एजंट, पण खातं आयातदाराचं. त्याने स्वतः सीडीएसवर, म्हणजे चीफच्या जागी आलेल्या नव्या प्रणालीवर, नोंदणी केल्याशिवाय आमचे हात बांधलेले.

आमचे एक मसाल्यांचे आयातदार नोंदणी करून निर्धास्त होते. पहिलंच डिक्लरेशन परत आलं आणि कंटेनर अडकला. कारण शोधलं: ड्यूटी डिफरमेंट खात्याचा (ड्यूटी नंतर एकत्र भरायचं खातं) जुना डायरेक्ट डेबिट (पैसे आपोआप वळते करायची बँकेला दिलेली सूचना) नव्या प्रणालीत आपोआप येत नव्हता, तो नव्याने द्यावा लागत होता. शिवाय त्या खात्यातून ड्यूटी भरायची परवानगीही आम्हाला वेगळी द्यायची राहिली होती. मी फोनवर बसून दोन्ही करून घेतलं. जुना डेबिट मात्र चीफवरची बाकी फिटेपर्यंत रद्द करू दिला नाही.

मग ईमेल पाठवणं थांबवलं आणि एकेकाला फोन केला. ईओआरआय क्रमांक (आयातदाराचा कस्टम्स ओळख क्रमांक), गव्हर्नमेंट गेटवेचं (सरकारी ऑनलाइन सेवांचं) लॉगिन, नवा डेबिट, परवानगी, ह्याच क्रमाने. माल कोणत्या कस्टम्स प्रक्रियेखाली येतो हे सांगणाऱ्या सात अंकी जुन्या प्रोसिजर कोडऐवजी आता चार अंकी कोड आणि सोबत वेगळा अतिरिक्त कोड लागतो. जुन्या-नव्या कोडचा तक्ता मात्र मीच प्रत्येकाच्या मालानुसार बनवून दिला.