व्हव क्लिको नागपुरात उघडायची तर आधी पाण्याचं बघा

व्हव क्लिको ही फ्रान्सची शॅम्पेन, म्हणजे बुडबुड्यांची वाईन. मे महिन्यात नागपुरात शॅम्पेन वाया जाते ती बहुतेक दोन ठिकाणी: गाडीच्या डिकीत आणि फ्रीझरमध्ये. दुकानातून घेतली की थेट घरी आणा. ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीत तासभर राहिलेल्या बाटलीत दाब वाढतो आणि नंतर थंड केली तरी तिची चव शिजल्यासारखी लागू शकते. (बाटली घेऊन वर्ध्याला निघाला असाल तर थांबा, तो जिल्हा दारूबंदीचा आहे.)

हा दाब येतो कुठून, ते समजलं की पुढच्या सगळ्या खबरदाऱ्या आपोआप पटतात. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. त्यातला वायू आत कोंडला जातो आणि मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी बसतो. रँस शहरात १७७२ मध्ये सुरू झालेलं व्हव क्लिकोचं हे घराणं १८०५ मध्ये बार्ब-निकोल क्लिको यांच्या हाती आलं. तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या, नुकत्याच विधवा झालेल्या. ‘व्हव’ म्हणजे विधवाच. गाळ काढायची पद्धत त्यांच्याच तळघरात १८१६ च्या सुमारास बसली: भोकं पाडलेल्या फळीत बाटल्या तोंड खाली करून लावायच्या, रोज थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ बुचापाशी उतरतो आणि तेवढाच बाहेर काढता येतो. वाईन नितळ होते, वायू मात्र आतच राहतो. थंड बाटलीतही हा दाब ५ ते ६ वातावरणांइतका, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. गरम झाली की आणखी वाढतो.

थंड करायला फ्रिजमध्ये आडवी ठेवून ४ तास पुरतात. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी घ्या. नुसता बर्फ उपयोगाचा नाही, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि काचेला गारवा नीट लागत नाही. इथेच नागपूरकर फसतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात ४० अंशांवर जातं. तसं २ लिटर पाणी शून्यावर आणायलाच १ किलो बर्फ खर्च होतो, बाटलीच्या वाट्याला काय उरणार? म्हणून माठातलं किंवा फ्रिजमधलं पाणी घ्या, २ किलो बर्फ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासात ८ ते १० अंशांवर येते. फ्रीझरमध्ये विसरली तर गोठून फुटू शकते.

ग्लास साबणाने धुतला असेल तर साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळा. साबणाचा अंश राहिला की फेस लगेच मरतो. तोंडाशी जरा आवळलेला, ट्युलिपसारखा ग्लास बरा. पसरट वाटीसारख्या ग्लासातून वास आणि बुडबुडे दोन्ही लवकर उडतात.

आता बूच. लग्नाच्या हॉलवर बूच छताला उडवतात, तसं करू नका: डोळा जाऊ शकतो, शिवाय बरीच वाईन फरशीवर सांडते. बाटली हलवू नका. वरचा कागद काढा, अंगठा बुचावर दाबून ठेवा आणि तारेचं कडं सहा अर्धे आटे फिरवून सैल करा. तार पूर्ण काढायची नाही, ती बुचासकट धरायची. बाटली ४५ अंशांत तिरपी धरा, तोंड माणसांकडे नको. बूच घट्ट धरून खालून बाटली फिरवा. बूच बाहेर यायला लागलं की उलट दाबत राहा. ‘फुस्स’ एवढाच आवाज यायला हवा. हात घामेजलेले असतील तर कोरडं फडकं घ्या, आणि स्क्रूवालं ओपनर अजिबात लावू नका.

ग्लास तिरपा धरून दोनदा ओता: आधी बोटभर, फेस बसला की दोन तृतीयांशापर्यंत. ७५० मिलीत १२५ मिलीचे ६ ग्लास होतात.

सोबत सावजी रस्सा ठेवू नका. तिखटाने जळणाऱ्या जिभेला बुडबुडे सुयांसारखे टोचतात. पिवळ्या लेबलची ब्रूट, म्हणजे कमी गोड शॅम्पेन (लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर) खारट, तळलेल्या पदार्थांशी जुळते. सांबारवडी उत्तम, फक्त मिरची कमी घाला. संत्रा बर्फीबरोबर मात्र ब्रूट आंबट-कडू लागते, तिथे लिटरमागे ३२ ते ५० ग्रॅम साखरेची, गोडसर डेमी-सेक हवी.

उरली तर शॅम्पेनचं क्लिपवालं झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवल्याने काहीही होत नाही.