अ‍ॅम्प तापतोय? आधी टीव्ही युनिटकडे बघा

अ‍ॅम्प्लिफायर गरम होतो म्हणजे बिघडलाच असं नाही. घरोघरचे बहुतेक स्टिरिओ अ‍ॅम्प आणि होम थिएटरचे एव्हीआर (ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर) क्लास एबी जातीचे असतात. क्लास म्हणजे आतल्या सर्किटची पद्धत. त्यांची कार्यक्षमता अगदी पूर्ण आवाजावरही कागदोपत्री ७८ टक्क्यांच्या आसपास थांबते, आणि दिवाणखान्यातल्या बेताच्या आवाजावर तर स्पीकरला जाते त्यापेक्षा कितीतरी जास्त वीज नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. क्लास ए त्याहून तापट. क्लास डी मात्र ९० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून तो छोट्याशा डबीतही सुखाने नांदतो. तुमचा कुठला आहे ते माहितीपुस्तिकेत बघा. क्लास डी असेल तर पुढचं निम्मं काम वाचलं.

१. वरचं सगळं उचला. क्रोशाचा रुमाल, सेट टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, रिमोटची टोपली, सगळंच. वरच्या पत्र्याला पाडलेल्या फटी शोभेसाठी नसतात. आतल्या हीटसिंकवरून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवरून) तापलेली हवा तिथूनच वर निघते. धुळीसाठी प्लास्टिकचं कव्हर घालत असाल तर घाला, पण अ‍ॅम्प बंद करून तो निवल्यावरच. एकावर एक उपकरणं रचलेली असतील तर सर्वांत तापणारं सगळ्यात वर हवं. मात्र जड पॉवर अ‍ॅम्प नाजूक सीडी प्लेअरच्या डोक्यावर बसवू नका. त्याला वेगळा कप्पा द्या.

२. जागा मोजा. टेप घ्या. वर किमान १० ते १५ सेंटिमीटर, बाजूंना आणि मागे ५ ते १० सेंटिमीटर मोकळे हवेत. पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेच खरं. आणि अ‍ॅम्प आडव्याचा उभा करून कोंबू नका. त्याच्या फटी आणि हीटसिंकची पाती तो सरळ बसलेला आहे असं धरूनच केलेली असतात.

३. हवेला वाट करून द्या. खरी मेख इथे आहे. सुतार टीव्ही युनिट करतो तेव्हा मागे अखंड प्लाय ठोकतो, पुढे काचेचं दार लावतो आणि वायरींसाठी एकच भोक ठेवतो. अशा खणात वर वीतभर जागा सोडली तरी तीच गरम हवा आतल्या आत घुटमळत राहते. सुताराकडून मागच्या प्लायला दोन जागी कापून घ्या: एक खाली, अ‍ॅम्पच्या पायांच्या पातळीला, दुसरी वर, खणाच्या छताला लागून. वरचं भोक खालच्याएवढं किंवा मोठं असावं. गरम हवा वरून निघाली की थंड हवा खालून आपोआप ओढली जाते. युनिट भिंतीला चिकटवलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, नाहीतर भोकं भिंतीकडे तोंड करून बसतील. भोकांना जाळी लावाच. उबेला पाली आणि झुरळं येतात, आणि पाल सर्किटवर चिकटली तर फ्यूज जाण्यावर भागेलच असं नाही.

४. तरीही खण तापत असेल तर फॅन. १२० मिलिमीटरचा, यूएसबीवर चालणारा ५ व्होल्टचा फॅन पुरे. मोठा फॅन हळू फिरला तरी पुरेशी हवा हलवतो आणि गाण्यात घरघर मिसळत नाही. तो वरच्या भोकाला लावा, हवा बाहेर फेकेल असा. बाणाची खूण फॅनच्या चौकटीवर असते. नसेल तर उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते बघा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा फॅन सहज मिळतो.

५. धूळ. प्लग काढा, अ‍ॅम्प निवू द्या, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने फटी बाहेरूनच साफ करा. झाकण उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात.

हे सगळं खटाटोपाचं वाटेल, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरलं तर आयुष्य साधारण दुप्पट. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, बंद खणाचं तर विचारूच नका.

अ‍ॅम्प मध्येच ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडत असेल तर उष्णतेवर खापर फोडण्याआधी मागे टॉर्च मारा. स्पीकरच्या वायरीची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असते. स्पीकरच्या ए आणि बी दोन्ही जोड्या एकदम चालू असतील तरी तो असाच बंद पडू शकतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात आणि करंट दुप्पट होतो.

गाणं बंद असतानाही एकच बाजू चटका देत असेल, जळका वास येत असेल, तर मात्र जागा आणि फॅन यांचा उपयोग नाही. तो बायसचा (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या करंटच्या सेटिंगचा) किंवा ट्रान्झिस्टरचाच दोष असू शकतो. मेकॅनिककडे न्या, आणि जुना अ‍ॅम्प असेल तर ट्रान्झिस्टरखालची वाळलेली हीटसिंक पेस्टही बदलून घ्या.