हाइव्ह माइंड राक्षस घडवताय? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळासाठी स्वतःचा हाइव्ह माइंड राक्षस, म्हणजे एकाच मनाने वागणारं किड्यांचं पोळं, बनवायला बसलं की बहुतेक डीएम (खेळ चालवणारे) आधी आकडे ठरवतात. बारा किडे, प्रत्येकी सात हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), वर एक राणी. मग टेबलावर दोनपैकी एक गोष्ट होते. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, फायरबॉल हा आगीचा मंत्र असतो: ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८ डॅमेज. किड्याने सेव्ह मारला (बचावाचा फासा जिंकला) तरी निम्मे १४, म्हणजे वीस फुटांच्या त्रिज्येतले जवळपास सगळे साफ. किंवा बाराही किडे एकाच इनिशिएटिव्हला (चालीच्या क्रमाला) एकावरच तुटून पडतात. हल्ल्याच्या फाशाला +४, डॅमेज १डी६+२ आणि समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १६ धरला, तरी एका फेरीत सरासरी तीस डॅमेज. तिसऱ्या लेव्हलचा विझार्ड आडवा, आणि त्याचा खेळाडू मोबाइल चाळत बसलेला.

हिट पॉइंट वाढवून हे सुटत नाही. पोळ्याची खरी ताकद बातमीत असते, आणि ती टेबलावर दिसली पाहिजे. खेळाच्या ३.५ आवृत्तीतले मुंगीसारखे फॉर्मियन बघा. गटातला एक जण सावध असेल तर कुणालाच बेसावध गाठता येत नाही, आणि सगळ्यांना फ्लँक केल्याशिवाय (दोन बाजूंनी कोंडीत धरल्याशिवाय) एकही फ्लँक होत नाही. नियम दोन ओळींचा, पण स्नीक अटॅकवर (बेसावध गाठून केलेल्या जादा वारावर) जगणाऱ्या रोगला, म्हणजे चोरट्या पात्राला, लगेच कळतं की आज आपलं काही खरं नाही.

त्यांचं अंतर मात्र उचलू नका. राणीपासून ५० मैलांपर्यंत संपर्क म्हणजे पहिल्या खोलीतली चकमक शेवटच्या खोलीत पोचलीच. दबक्या पावलांनी जाण्यात मग काय अर्थ? साठ फूट पुरतात. बातमीला उशीरही हवा. किड्यांचे तीन गट करा, तिघांचा इनिशिएटिव्ह वेगळा टाका, आणि एका गटाने पाहिलेलं दुसऱ्याला पुढच्या फेरीत कळू द्या. फायरबॉल पडला की उरलेल्यांच्या मिशा एकदम थरथरतात; पुढच्या फेरीत ते एकमेकांपासून चाळीस फूट पांगलेले. खेळाडूंना तुम्ही एक शब्दही समजावून सांगितलेला नसतो.

याच्या उलट चूकही होते. डीएमला माहीत आहे ते पोळ्यालाही माहीत! खेळाडू टेबलावर बेत आखतात आणि किडे नेमके त्याच दारामागे उभे. पोळ्याला काय काय कळलंय ते कागदावर लिहून ठेवा. कागदावर नसेल ते त्याला माहीत नाही.

‘राणी मेली की सगळे मेले’ हा तर आळसच. खेळाडू पहिल्या सेशनपासून राणीच शोधतात, बाकीचं सगळं वाया. मधमाश्यांत राणी गेली तर कामकरी माश्या कोवळ्या अळ्यांना राजान्न भरवून नवी राणी तयार करतात. अंड्यापासून राणी व्हायला सुमारे १६ दिवस लागतात. तेवढी मुदत मोहिमेला लावा, बघा कशी धावपळ होते.

जाळं तोडायच्या वाटा इतरही ठेवा. आग्या मोहोळ उठलं की एका डंखाच्या वासावर बाकीच्या माश्या तिथेच येतात. तसंच करा: डंख बसलेल्यावर बाकी किड्यांना अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), पाण्याने धुतल्यावर ते जातं. मधपाळ धूर देतात तो हा वास दाबायलाच, तेव्हा धुराने एका फेरीसाठी संपर्क तुटू द्या.

बार्डची, म्हणजे गाण्यातून मोहिनी घालणाऱ्या पात्राची, सोय विसरू नका. सगळा थवा एकच स्वार्म म्हणून मांडलात तर नेहमीच्या नियमाने त्याच्यावर मोहिनी आणि भीती दोन्ही चालत नाहीत, आणि बिचाऱ्याचे निम्मे मंत्र फुकट. एखादा किडा सुटा ठेवा. त्याला मोहिनी घालून खोटी बातमी पोळ्यात सोडता आली, तर बार्ड ते सेशन जन्मभर सांगत फिरेल.

आवाजाचं थोडक्यात: सगळे किडे एकसुरात ‘आम्ही’ म्हणतात हे आता फार झालं. एकाने वाक्य सुरू करावं, खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या किड्याने पुरं करावं.