५३ जणांचा संघ बांधताना या चुका टाळा

ऑगस्टच्या अखेरीस एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, प्रत्येक संघाला ९० खेळाडूंच्या कॅम्पमधून ५३ जण ठेवायचे असतात. पहिली गल्लत इथेच होते: सगळ्यांत गुणवान ५३ शोधायला बसणं. पहिली तीसेक नावं कुणीही सांगेल. कस लागतो तो शेवटच्या वीस जागांना.

समजा पाचवा वाइड रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा, हवाय. एकाचे हात उत्तम, पण किकऑफला (चेंडू लाथाडून खेळ सुरू होतो तेव्हा) धावत जाऊन टॅकल करणं, म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं, त्याच्या गावीही नाही. दुसरा पास पकडण्यात बेताचाच, पण पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे लाथाडलेला चेंडू, पडला की तिथे सगळ्यांआधी हजर. जागा दुसऱ्याची. पॅट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर कागदोपत्री रिसीव्हरच होता. अख्ख्या कारकिर्दीत त्याने पास पकडला एक, आणि स्पेशल टीम्समधल्या, म्हणजे अशा किकच्या वेळच्या, कामावर प्रो बोल या ऑल-स्टार मानासाठी त्याची निवड झाली १० वेळा. राखीव खेळाडू दर रविवारी नेमकं कोणतं काम करणार, हे सांगता येत नसेल तर त्याचं नाव खोडा.

दुसरी चूक आकड्यांची. सामन्याला ५३ जण उतरत नाहीत, ४८ उतरतात, आणि तेही त्यात आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन (पुढच्या फळीत आपल्या चेंडूवाल्यांचं रक्षण करणारे) असतील तरच. सात असतील तर ४७. लाइनमध्ये कंजुषी केली की एक माणूस फुकट जातो.

राखीव क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास फेकणाऱ्याकडे, काणाडोळा करणं तर फारच महागात पडतं. जानेवारी २०२३, लीगच्या दोन गटांपैकी एनएफसीचा अंतिम सामना, फोर्टीनायनर्स विरुद्ध ईगल्स. सुरुवातीलाच फोर्टीनायनर्सच्या ब्रॉक पर्डीच्या कोपराला दुखापत झाली. जॉश जॉन्सन उतरला, तर त्याच्या डोक्याला मार लागला. मग पुन्हा पर्डीच आला, ज्याला धड फेकताही येत नव्हतं. पास नाही म्हटल्यावर ईगल्सच्या बचावाला काय, फक्त धावणाऱ्यालाच अडवायचं होतं. निकाल ३१-७. त्याच वर्षी आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम पुन्हा आणला गेला.

याच फोर्टीनायनर्सकडून एक चांगली गोष्टही शिकावी. २०२१ मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी त्यांनी ड्राफ्टमधल्या (संघ आळीपाळीने नवोदित निवडतात त्यातल्या) पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या होत्या. पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा. खेळ पर्डीचा चांगला दिसला, तेव्हा त्यांनी किमतीकडे बघितलं नाही. लान्सला चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला देऊन मोकळे झाले. ‘इतके मोजलेत, खेळवू अजून वर्षभर’ हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही.

पैशांचं गणित जरा किचकट आहे. आयपीएलच्या पर्ससारखी इथेही मर्यादा असते. २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी डॉलर होती. पण साइनिंग बोनस (करारावर सही करताना दिलेली रक्कम) हिशेबात अनेक वर्षांवर पसरवता येतो, आणि खेळाडूला मध्येच काढलं की उरलेला भार मानगुटीवर बसतो. डेन्व्हरने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं, तेव्हा दोन वर्षांत मिळून सुमारे ८.५ कोटी डॉलरचा बोजा पडला. म्हणून करार करतानाच विचारायचं: दोन वर्षांनी याला काढायची वेळ आली तर केवढ्याला पडेल?

आता शेवटचा तिढा. तरुण खेळाडू आवडलाय, पण जागा नाही. त्याला कापून सराव पथकात (५३ बाहेरच्या, संघासोबत सराव करणाऱ्यांत) घेऊ, असं गृहीत धरू नका. चार हंगाम पूर्ण न झालेला खेळाडू आधी वेव्हर्सवर जातो आणि उरलेल्या ३१ संघांपैकी कुणीही त्याच्यावर दावा सांगू शकतो. त्यापेक्षा एखाद्या मुरलेल्या खेळाडूला कापा. ऑगस्टमध्ये त्याला वेव्हर्स लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी जखमींना राखीव यादीत टाकून जागा मोकळी करा आणि त्याला परत घ्या. मात्र आदल्या दिवशी त्याच्याशी आणि एजंटशी स्वतः बोला. तो केवळ तुमच्या शब्दावर थांबलेला असतो, आणि मधल्या काळात दुसऱ्या संघाने बोलावलं तर त्याला जायची पूर्ण मुभा असते.